फॅरेडे आणि तलावातले मीठ

कर्जत तालुक्यात, नेरळ-कळंब रस्त्याच्या आसपास, फार्महाऊसना पोहण्याचे तलाव असतात. त्यांतल्या काहींत क्लोरीनच्या पावडरीऐवजी मीठ टाकतात. म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही, असा अनेकांचा समज होतो. तो का चुकीचा आहे, हे मायकेल फॅरेडे यांचे आयुष्य पाहिले की कळते.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा लिहिण्या-वाचण्यापुरतीच झाली. चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचू लागले. १८१२ मध्ये त्यांनी हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. टिपणे नीट बांधून डेव्हींनाच पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना मदतनिसाची नोकरी मिळाली.

१८२३ मध्ये त्यांनी बंद काचनळीत क्लोरीन वायूचा द्रव करून दाखवला. त्याच काळातल्या प्रयोगांत एक नळी फुटली आणि काचेचे कण त्यांच्या डोळ्यांत गेले. सुदैवाने दृष्टी वाचली.

१८३३-३४ मध्ये त्यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले. द्रावणातून जितकी वीज वाहील, तितक्या प्रमाणात नवा पदार्थ तयार होतो.

मिठाचा तलाव याच नियमावर चालतो. पाण्यात लिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असते; समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम. पंप हे पाणी फिल्टरमधून धातूच्या पट्ट्यांच्या सेलमध्ये ढकलतो. तिथे विजेमुळे मिठातून क्लोरीन तयार होतो. तो जंतू मारतो आणि पुन्हा क्षाररूपात पाण्यात परततो. म्हणून मीठ फारसे संपत नाही. बाहेर उडालेल्या पाण्यातून, फिल्टर धुताना किंवा पावसात तलाव ओसंडला की मात्र ते कमी होते.

पण वीज नसली, बिल वाचवायला पंप आठवडाभर बंद ठेवला किंवा बोअरच्या पाण्यातील क्षारांचा थर पट्ट्यांवर बसला, तर मीठ कितीही असले तरी पुरेसा क्लोरीन बनत नाही. शिवाय सेल चालताना पाण्याचा पीएच वाढतो. तो ७.८ च्या वर गेला की क्लोरीनची ताकद घटते. मग पोहून आलेल्या मुलांचे डोळे लाल होतात, कान दुखतात, जुलाब लागतात. पीएच उतरवायला आम्ल वापरतात. ते क्लोरीनच्या पावडरीजवळ चुकूनही ठेवू नये. दोन्ही मिसळली तर विषारी वायू सुटतो आणि फुफ्फुसांना इजा होते.

जुलै १८५५ मध्ये बोटीने जाताना फॅरेडे यांनी थेम्स नदीत पांढऱ्या कार्डाचे तुकडे टाकले. इंचभर बुडण्याआधीच ते दिसेनासे झाले. नदीची ही दशा त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून जाहीर केली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची ती परीक्षा आजही उपयोगी आहे. तलावाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर पाण्यात उतरू नये. बुडणारे मूलही त्यात दिसणार नाही. मात्र पाणी नितळ दिसले म्हणून जंतू नाहीत असे नव्हे. चाचणी पट्टीवर क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ आहे, हे पाहूनच मुलांना पाण्यात सोडावे.