वासुदेव बळवंत फडके यांची अटक

वासुदेव बळवंत फडके यांचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलांस अपरिचित नाही. त्यांच्या बंडाची हकीगत सर्वांच्या कानांवरून गेलेली असते. परंतु ते धरले कसे गेले, याविषयी चार ओळींपलीकडे सहसा कोणी लिहीत नाही. आम्हांस मात्र त्यांच्या चरित्रातील हाच भाग विशेष विचार करण्याजोगा वाटतो. सरकारास हवा असलेला, हत्यारबंद आणि पळता मनुष्य पोलिसांनी गाठला म्हणजे पुढील घटकाभरात जे घडते, त्यावर त्याचे प्राण तर अवलंबून असतातच, पण त्याची बाजू जगास कळणार की नाही हेही तेथेच ठरून जाते. शिवाय या हकीगतीशी आमच्या मुलुखाचाही संबंध आहे. १८७९ साली जळकोट व भोवतालचा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि वासुदेव बळवंतांच्या पाठलागात निजामाचे पोलीस सामील झाले होते.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी झाला. हे गाव आज रायगड जिल्ह्यात आहे. मुंबईस काही दिवस नोकरी करून ते पुण्यास लष्करी हिशेब खात्यात लागले व तेथे पुष्कळ वर्षे राहिले. आई आजारी असता रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते घरी पोहोचले तेव्हा आई उरली नव्हती. हा घाव त्यांच्या मनात कायम राहिला. लहुजी साळवे यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा व नेमबाजी शिकून घेतली. विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. पुण्यातील पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा ज्यांनी काढली, त्यांत वासुदेव बळवंतांचे नाव घेतले जाते. शाळा काढणाऱ्या कारकुनाने बंदूक हाती घ्यावी, असे काय घडले?

घडला तो १८७६ पासूनचा दुष्काळ. दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून रस्त्यांवर मेली, आणि सारावसुली काही थांबली नाही. वासुदेव बळवंतांनी गावोगाव फिरून हे पाहिले. सुशिक्षितांकडून साहाय्य मिळेना, तेव्हा त्यांनी रामोशी, कोळी, धनगर अशा लोकांस जमविले. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातील धामारी गावावर त्यांचा पहिला दरोडा पडला. लुटले गेलेले सावकार व व्यापारी हे आपल्याच देशाचे लोक होते, ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. लुटीचा पैसा फौज उभारण्यास लावावयाचा असा वासुदेव बळवंतांचा हेतू होता. परंतु साथीदारांपैकी अनेकांस लुटीपुरतीच आस्था आहे, हे त्यांस लवकरच कळून चुकले व त्याचा त्यांस फार खेद झाला.

त्यांच्या साथीदारांत दौलतराव नाईक रामोशी हे प्रमुख. मे १८७९ मध्ये दौलतरावांनी कोकणात उतरून पळस्पे व चिखली या गावांवर दरोडे घातले. मोठी लूट घेऊन टोळी घाटाकडे परतत असता मेजर डॅनियल याने तिला गाठले. गोळीबार झाला व दौलतराव ठार झाले. त्यांची ना जबानी झाली, ना खटला. ते या वाटेस का लागले, त्यांचे गाऱ्हाणे काय होते, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची संधी त्या गोळीबरोबर संपली.

पोलिसांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. अशा प्रसंगी बंदुकीच्या घोड्यावरचे बोट का आखडते, हे समजण्यास बावीस वर्षे मागे जावे लागेल. भागोजी नाईक हा भिल्ल पुढारी पूर्वी स्वतः पोलिसांत अंमलदार होता. पुढे दंग्याच्या आरोपावरून त्याने शिक्षा भोगली. १८५७ साली तो पन्नासेक माणसांसह सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे गावाजवळ पुणे-नाशिक रस्ता रोखून बसला. ४ ऑक्टोबर रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला व भिल्लांच्या गोळीने ठार झाला. त्या एका चकमकीने सारा भिल्ल मुलूख पेटला. पुढे दोन वर्षे झटापटी चालून दोन्हीकडची माणसे मेली. अखेर नोव्हेंबर १८५९ मध्ये साउटर या पोलीस अधिकाऱ्याने भागोजीस सिन्नर तालुक्यातच गाठले, आणि तेथे भागोजी व त्याचे बहुतेक साथी मारले गेले. हेन्रीचा मृत्यू ज्या खात्याने पाहिला, त्या खात्याच्या शिपायास हत्यारबंद माणसापुढे भय वाटले तर नवल नाही.

आता वासुदेव बळवंतांकडे वळू. त्या वर्षीच्या धामधुमीत ते कृष्णाकाठी श्रीशैलम येथे जाऊन राहिले व तेथे त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. दौलतराव गेले तरी त्यांनी उमेद सोडली नाही. निजामाच्या राज्यात हिंडून रोहिल्यांची भरती करण्याचा प्रयत्न त्यांनी चालविला. इकडे सरकारने त्यांना पकडून देणारास बक्षीस जाहीर केले होते. त्यावर त्यांनी उलट मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी बक्षिसाचा जाहीरनामा काढला. मेजर डॅनियल व निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक हे रात्रंदिवस त्यांच्या मागावर राहिले. पायपिटीने वासुदेव बळवंतांचे शरीर खंगले होते, अंगात ताप होता. २० जुलै १८७९ रोजी, पंढरपूरच्या रोखाने जात असता, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातील देवर नावडगी गावी एका देवळात ते झोपी गेलेले सापडले. हे गाव आज कर्नाटकाच्या विजयपूर जिल्ह्यात आहे. त्यांच्यावर झडप पडली, झटापट झाली, पण ते जिवंत धरले गेले.

हाच डॅनियल दोन महिन्यांपूर्वी दौलतरावांच्या टोळीवर गोळ्या घालीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. पहिल्या वेळी टोळी जागी, सशस्त्र व पळत होती. दुसऱ्या वेळी मनुष्य एकाकी, आजारी व निद्रिस्त होता. अटकेत रक्त सांडणे वा न सांडणे हे अधिकाऱ्याच्या दयेपेक्षा वेळ व जागा यांच्या निवडीवर अधिक अवलंबून असते, असे आम्हांस वाटते. कायद्याचे म्हणाल तर, अटकेस विरोध झाल्यास जरूर तेवढे बळ पोलिसांस वापरता येते. परंतु ज्याच्यावर देहान्त वा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटक करताना प्राण घेण्याचा अधिकार नाही, असे २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही म्हटले आहे. वासुदेव बळवंतांवरील आरोप तर राजाविरुद्ध युद्ध व दरोडा यांचे, म्हणजे अत्यंत गंभीर होते. देवळात गोळी सुटली असती तर कोणी फारशी विचारपूसही केली नसती.

ते जिवंत राहिले म्हणून पुण्यास खटला चालला. त्यांच्या बाजूने उभे राहण्यास बहुतेक वकील कचरत असता, सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, पुढे आले. वासुदेव बळवंतांचे आत्मवृत्त व रोजनिशी सरकार पक्षाने पुरावा म्हणून न्यायालयात मांडली. झाले असे की, ज्या कागदांनी त्यांस शिक्षा झाली त्याच कागदांवरून दुष्काळात लोकांची काय दशा होती व हा कारकून का पेटला, हे लोकांस कळले. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

पुढच्या जानेवारीत त्यांना एडनच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले, पण परक्या वाळवंटी मुलुखात लवकरच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथेच त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते.