भाकऱ्यांची चवड आणि एलसीडीचा पडदा

मोहोळच्या आपल्या होस्टेलवर एका लॅपटॉपभोवती आठ-दहा जण पिक्चर बघायला बसले, की कडेला बसलेल्याचे हाल विचारू नका. समोरच्याला चित्र झकास, अन् बाजूच्याला सगळं पांढुरकं. एलसीडीचा हा जुना दोष कमी करण्यात ज्या शोधाचा वाटा आहे, तो लावणारे शास्त्रज्ञ आपल्या नागपूरलाच शिकले होते.

शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० चा, कलकत्त्याचा. सर सी. व्ही. रामन हे त्यांचे सख्खे मामा. (नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे, ते यांचे मामेभाऊ!) १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठात ते एम.एस्सी.ला पहिले आले. मग बंगलोरला मामांच्या हाताखाली संशोधन, पुढे केंब्रिज आणि लंडन. १९६१ साली परत येऊन त्यांनी म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्र विभाग सांभाळला आणि तिथेच ते द्रव-स्फटिकांकडे वळले. हे पदार्थ द्रवासारखे वाहतात, पण त्यांचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. १९७१ मध्ये रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी यासाठी प्रयोगशाळा सुरू केली.

१८८८ साली द्रव-स्फटिक सापडले, तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षं एक समजूत पक्की झाली होती. रेणू काडीसारखा लांबट असेल तरच हे जमतं. चंद्रशेखरांना हे पटेना. रेणू चपटा, चकतीसारखा असला तर? १९७७ मध्ये सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते करून दाखवलं. चकत्या एकावर एक रचल्या जात होत्या, अगदी भाकऱ्यांची चवड! हा शोध त्यांनी 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकातच छापला.

याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने चकतीच्या रेणूंची पातळ फिल्म बनवून एलसीडीवर लावली. काडीचे रेणू तिरक्या प्रकाशात जी गडबड करतात, तिच्या नेमकी उलट चकत्या करतात. वजाबाकी होते आणि कडेच्यालाही चित्र नीट दिसतं.

१९८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९९० मध्ये निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. भारत इलेक्ट्रॉनिक्सने दिलेल्या जागेत १९९१ साली नवं केंद्र काढलं. १९९८ मध्ये पद्मभूषण मिळालं. ८ मार्च २००४ रोजी ते गेले.

प्रोजेक्टचा विषय निवडताना, पुस्तकात नाही म्हणून एखादी कल्पना सोडून द्यायची वेळ आली, तर ती चवड जरूर आठवा!