अंतराळांत घरें बांधूं पाहणारा शिक्षक

रशियांतील रायाझान प्रांतांत इझेव्हस्कोये नांवाचें एक खेडें आहे. तेथें १८५७ सालीं कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म झाला. दहा वर्षांचें वय होण्याच्या सुमारास त्यांना अंगावर लाल पुरळ उठविणारा ताप आला, आणि तो गेला तो मुलाचें ऐकणें घेऊनच गेला. पुढें लवकरच आई वारली. शिक्षकाचें बोलणें ज्याच्या कानीं पडत नाहीं त्यानें शाळेंत बसून काय मिळवावें? शाळा सुटली. सोळाव्या वर्षीं वडिलांनीं त्यांना मॉस्कोस पाठविलें. तेथें तीन वर्षें ग्रंथालय हीच त्यांची शाळा. घरून येणाऱ्या थोड्या पैशांत काळा पाव घ्यावयाचा आणि उरलेले पैसे पुस्तकें व रसायनें यांवर खर्चावयाचे, असा त्यांचा क्रम असे.

१८७९ सालीं शिक्षकाची परीक्षा उतरून ते प्रथम बोरोव्स्क येथें व १८९२ पासून कालुगा येथें गणित आणि पदार्थविज्ञान शिकवूं लागले. पत्र्याचे कर्णे स्वतःच तयार करून ते कानास लावीत. भरलेल्या वर्गापुढें बहिऱ्या मास्तरांची काय अवस्था होत असेल, हें आम्हां शिक्षकांस निराळें सांगावयास नको. तरी त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें शिकविलें.

अग्निबाणानें पृथ्वीबाहेर जातां येईल, हें त्यांनीं १९०३ सालच्या लेखांत गणितानें दाखविलें. तें मासिक बंद पडल्यानें लेखाचा पुढील भाग १९११-१२ पर्यंत छापला गेला नाहीं. त्यापूर्वीं, १९०२ सालीं, एका मुलानें आत्महत्या केली होती. १९०८ च्या पुरांत ओका नदीचें पाणी घरांत शिरलें. एवढें झालें तरी त्यांनीं लेखणी ठेविली नाहीं.

तेथें जाणें हा नुसता रस्ता. राहावयाचें कसें, हा त्यांचा खरा प्रश्न. जेथें हवा नाहीं, वजन नाहीं, तेथें घर कसें बांधावें? त्यांनीं उत्तर काढिलें तें असें. घर चोहोंकडून बंद असावें. तें स्वतःभोवतीं फिरत ठेवावें, म्हणजे आंतील माणसें बाहेरच्या भिंतीकडे दाबलीं जातील आणि ती भिंतच त्यांची जमीन होईल. सूर्याकडील बाजूस कांच बसवून आंत भाजीपाला लावावा. माणसांच्या उच्छ्वासानें बिघडलेली हवा झाडें शुद्ध करतील व अन्नही देतील. बाहेर पडण्यास दोन दारांची खोली हवी. एक दार लावावें, मधली हवा काढून घ्यावी, मगच दुसरें उघडावें. ही कृति त्यांनीं १९३३ सालीं एका चित्रपटासाठीं काढिलेल्या चित्रांतही दाखविली आहे. विद्यार्थ्यांनीं कागदावर ही खोली काढून पाहावी. एकही दार चुकीच्या वेळीं उघडलें तर काय होईल तें आपोआप कळेल.

मानवजात निवडून सुधारण्याविषयींचे त्यांचे विचार आम्हांस पटत नाहींत. हिशेब मात्र बरोबर उतरले.

१९३५ सालीं कालुगा येथें त्यांचें निधन झालें. तीस वर्षांनीं, १९६५ सालीं, अलेक्सेई लिओनोव्ह तशाच दोन दारांच्या खोलींतून अंतराळांत उतरले. २००० सालच्या नोव्हेंबरापासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकांत मनुष्यवस्ती अखंड आहे, आणि तेथें पिकविलेली कोशिंबिरीची लाल पानें अंतराळवीरांनीं २०१५ सालीं खाल्लीं. माणसांनीं राहावें असें फिरतें घर मात्र अद्यापि कोणीं बांधलेलें नाहीं.