महाडच्या परिषदेमागचा तरुण : आर. बी. मोरे

दरवर्षी २० मार्चला आपण चवदार तळ्याची आठवण काढतो. आमच्यापैकी पुष्कळ जण गाडी करून महाडला जातात, तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात, भारावून परत येतात. पण ती परिषद कुणी भरवली, मंडप कुणी घातला, गावोगाव फिरून माणसे कुणी गोळा केली, असे विहारातल्या पोरांना विचारले तर उत्तर येत नाही. दोष पोरांचा नाही. आम्ही मोठ्यांनीच कधी सांगितले नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे, यांची हकीकत लिहायला घेतली आहे. आम्ही गिरणीत राबणारी माणसे. शिक्षण बेताचे. लिहिण्यात चूकभूल झाली तर समाजबांधवांनी सांभाळून घ्यावी.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ चा, महाडजवळच्या लाडवली गावचा. लहानपण गेले दासगावात. हा सगळा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता, आता त्याला रायगड म्हणतात. पलटणीत नोकरी केलेले महार पेन्शनर या भागात पुष्कळ. गोपाळबाबा वलंगकर याच महाड तालुक्यातले. त्यामुळे शिक्षणाची आणि स्वाभिमानाची हवा या मातीत आधीपासून होती. लहानगा रामचंद्र हुशार निघाला. स्कॉलरशिपची परीक्षा पास झाला. पण महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला दारातूनच परत पाठवले, कारण जात. दुसरे कोणी असते तर रडत घरी बसले असते. इथे मात्र तक्रार झाली, ती वर्तमानपत्रात छापून आली, आणि शेवटी शाळेला दार उघडावे लागले. तेव्हा हा मुलगा होता जेमतेम अकरा वर्षांचा. अर्ज लिहिला, चारचौघांत मांडला, पाठपुरावा केला तर भिंत हलते, हा धडा त्याने त्या वयात घेतला तो जन्मभर सोडला नाही.

पुढे घरची गरिबी आडवी आली. शिक्षण मनासारखे झाले नाही. मुंबईत येऊन मिळेल ते काम केले. पण लक्ष सगळे गावाकडे. महाड ही बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतली आपली माणसे बाजाराला, कोर्टकचेरीला तिथे यायची. पण घोटभर चहा कुठे मिळायचा नाही, तहान लागली तर पाणी नाही. तेव्हा महाडात आपल्या लोकांसाठी चहाचे दुकान निघाले, आणि मोरे तिथे बसू लागले. आलेल्या माणसाचे अर्ज लिहून द्यायचे, कागद वाचून दाखवायचा, गावची खबर घ्यायची. बघता बघता ते चहाचे दुकान चळवळीची कचेरी झाले. संस्था नाही, पैसा नाही, पद नाही. एक तरुण, एक दौत आणि समोर अडलेली माणसे, एवढेच भांडवल.

आता ठरावाची गोष्ट. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला धरून १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, दप्तरात गेला आणि तिथेच राहिला. तळे होते तिथेच, पाणी होते तेवढेच, पण आपला एकही माणूस तिथे वाकून पाणी पिऊ शकला नाही. कागदाला पाय नसतात. त्याला कुणीतरी तळ्यापर्यंत चालवत न्यावे लागते.

हे काम तरुण मोरे यांनी अंगावर घेतले. वय वीस-एकवीस. ते बाबासाहेबांकडे गेले आणि महाडला परिषद भरवू, तुम्ही अध्यक्ष व्हा, असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी लगेच होकार दिला नाही. जवळजवळ तीन वर्षे गेली. मोरे यांनी पिच्छा सोडला नाही आणि तयारीही थांबवली नाही. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सवर्ण समाजातली माणसेही सोबत आली. पेन्शनर मंडळी, गावोगावची तरुण पोरे कामाला लागली. कोकणातल्या डोंगरवाटा पायी तुडवून गाव न् गाव जागे केले.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या महिन्यातच मोरे यांना चोविसावे वर्ष पुरे झाले होते. परिषदेला हजारो माणसे आली. त्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. भरलेले तळे गावात, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे उठले आणि आताच तळ्यावर जाऊ, असे त्यांनी सुचवले. बाबासाहेब पुढे, मागे सगळा समाज, अशी ती रांग निघाली. बाबासाहेबांनी पाणी घेतले, मग सर्वांनी घेतले. तीन वर्षे दप्तरात पडलेला ठराव त्या दिवशी खरा झाला.

किंमतही मोजावी लागली. आपली माणसे देवळात घुसणार अशी अफवा उठवली गेली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. तळ्याचे शुद्धीकरण झाले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद झाली, २५ तारखेला मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा मनाई हुकूम असल्याने तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. मग बाबासाहेब खटला लढत राहिले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे.

१९३० साली मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. इथे काही बांधव भुवया उंचावतील. विहाराच्या स्मरणिकेत कम्युनिस्टाचे चरित्र कशाला, असे म्हणतील. त्यांचा मान राखून आम्ही सांगतो, की वाट वेगळी झाली तरी त्यांनी बाबासाहेबांवरची निष्ठा आणि समाजाचा प्रश्न सोडला नाही. मुंबईच्या कामगारांत आयुष्य घालवले. १९५३ साली त्यांनी आपल्याच पक्षापुढे अस्पृश्यतेच्या प्रश्नावर लेखी टिपण ठेवले आणि पुढेही तो प्रश्न लावून धरला. आपल्या माणसांत राहून आपल्यांनाच खरे सुनवायला धैर्य लागते. १९६५ साली निघालेल्या जीवनमार्ग या साप्ताहिकाच्या उभारणीतही ते होते. ११ मे १९७२ ला ते गेले. मागे इस्टेट ठेवली नाही.

आता आमचे मनातले. १९२७ साली महाडला आलेल्या त्या पोरांपैकी बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता. शेतसारा भरणारा, घरपट्टी भरणारा, तोच मतदार. तरी त्यांनी सरकारी ठराव अमलात आणून दाखवला. संविधानाने प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिले. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत मिळते. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला उभे राहता येते. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. आणि आमची पोरे? जयंतीला रात्रभर जागून कमान उभी करतात, त्याचे कौतुक आहेच. पण मतदार यादीत नाव आहे का विचारले तर खाली बघतात. आमच्या वस्तीच्या गटारीचा ठराव पास होऊन तीन पावसाळे गेले. घराघरांत पाणी शिरले. आम्ही चहाच्या टपरीवर बसून शिव्या दिल्या, पण ठरावाची नक्कल मागायला एकही जण गेला नाही. यात आम्हीही आलो. गेल्या वर्षी विहारातल्या दोन मुली गेल्या. अर्ज दिला, पोच घेतली, पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या महिन्यात काम सुरू झाले. त्या मुलींना मोरे यांचे नाव ठाऊक नव्हते, पण वाट तीच होती.

२०२७ हे महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. त्यानिमित्त आमची एक सूचना. विहारात दर रविवारी वंदनेनंतर एक टेबल लावावे. तिथे शिकलेल्या मुलामुलींनी बसावे, मतदार नोंदणीचे फॉर्म भरून द्यावेत, अडलेल्या आयाबायांचे अर्ज लिहावेत. चहाचा खर्च आम्ही गिरणीवाले करू.

जयभीम!