साने गुरुजी: साहित्यावर जीव लावणारे मास्तर



परदेशी येताना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लोणच्याच्या बरणीबरोबर 'श्यामची आई'सुद्धा आणली. पण ती लिहिणारे साने गुरुजी मुळात शाळामास्तर होते, हे आमच्या मुलांना ठाऊक नव्हते, म्हणून हा छोटासा परिचय.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. गरिबीत शिकून ते एम.ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहाचे काम आले तेव्हा मुलांची आजारपणे काढणारे तेच आणि मुलांसाठी रोज हाताने 'छात्रालय' दैनिक लिहिणारेही तेच!

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तामिळ शिकले. पुढे त्यांनी तिरुवल्लुवरांचे 'कुरल' मराठीत आणले. आम्ही आयटीवाले प्रोजेक्टसाठी नवी भाषा शिकतो. गुरुजी शेजारच्या माणसाचे मन कळावे म्हणून शिकले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. 'श्यामची आई'चा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून झाला.

गुरुजींचे साहित्यप्रेम पुस्तकापुरते नव्हते. पुस्तक वाचून दुसऱ्याचे दुःख कळले, तर गप्प कसे बसायचे? मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले, आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे त्यांचे 'आंतरभारती'चे स्वप्न मात्र अपुरे राहिले. ११ जून १९५० रोजी, खिन्न मनाने, त्यांनी स्वतःहून जगाचा निरोप घेतला. एवढ्या हळव्या माणसाला वेळीच कुणी सावरायला हवे होते, असे आम्हाला राहून राहून वाटते.

आपली मुले मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. म्हणून पुस्तक बाजूला ठेवायचे का? 'श्यामची आई' ही मुळात रात्री मित्रांना सांगितलेली गोष्ट आहे. ती वाचता आली नाही तरी ऐकता येते. एकूण बेचाळीस रात्री आहेत. रोज जेवणानंतर एक, असे धरले तर दीड महिनाही लागणार नाही. मुलांनी मध्येच इंग्रजीत प्रश्न विचारले तर विचारू द्यावेत. इतक्या भाषांवर प्रेम करणाऱ्या मास्तरांना त्याचा राग नक्कीच आला नसता.