विद्यापीठास लाभलेले नाव

थोर पुरुषांचे नाव भूमीस अथवा संस्थेस देण्याची चाल जगात सर्वत्र आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १८५३ साली कायदा करून एका प्रांतास जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव दिले. आपल्या महाराष्ट्रात मात्र एका थोर पुरुषाचे नाव विद्यापीठास देण्याचा ठराव होऊनही तो अमलात येण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. ते पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्यास शिकत असता अस्पृश्य म्हणून त्यांस इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नसे. तथापि १९०७ साली ते मॅट्रिक झाले व १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. देश स्वतंत्र होताच ते पहिले कायदेमंत्री व घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे हल्लीच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब निवर्तले. १९५८ साली तेथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. परंतु मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलितांची घरे जाळली गेली, माणसे प्राणांस मुकली व ठराव तसाच राहिला. अनेकांनी मोर्चे काढले, तुरुंगवास सोसला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी जुने नाव कायम राखून त्यास नव्याची जोड देण्यात आली आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले.

विद्यार्थिमित्रहो, येथे भिवंडीस आपण सर्व जातिधर्मांची मुले एका बाकावर बसतो व एका नळाचे पाणी पितो. ज्या मुलास हे लाभले नाही, त्याचे नाव आज विद्यापीठाच्या प्रवेशद्वारी आहे. ते वाचताना त्या गोणपाटाचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची विनंती.