छापून आलेला पराभव

वर्तमानपत्राच्या मथळ्याचे आयुष्य एका सकाळचे. दुसऱ्या दिवशी तो रद्दीत जातो आणि त्याच्याबरोबर त्याच्या चुकाही किलोच्या भावाने विकल्या जातात. अमेरिकेतील एका मथळ्याच्या नशिबी मात्र हे सुखद विस्मरण नव्हते. ३ नोव्हेंबर १९४८ च्या ‘शिकागो ट्रिब्यून’च्या पहिल्या आवृत्तीने अध्यक्षीय निवडणुकीत ड्यूई यांनी ट्रूमन यांना पराभूत केल्याची वार्ता पानभर ठळक अक्षरांत दिली. निवडून आले होते ट्रूमन! पुढे सेंट लुई स्थानकावर आगगाडीच्या मागच्या सज्जात उभे राहून तोच अंक दोन्ही हातांनी उंचावणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्र जगभर गाजले. स्वतःच्या पराभवाची बातमी इतक्या आनंदाने मिरवण्याचे भाग्य फार थोड्या राजकारण्यांना लाभते.

खरे तर हॅरी ट्रूमन यांना पराभव नवा नव्हता. मिसुरी राज्यातील लामार येथे १८८४ मध्ये जन्मलेल्या या शेतकऱ्याच्या मुलाची दृष्टी अधू होती आणि पदरी महाविद्यालयाची पदवी नव्हती. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा कप्तान म्हणून फ्रान्समध्ये लढून परतल्यावर त्याने एका मित्राच्या भागीदारीत कन्सास सिटी येथे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले. युद्धोत्तर मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, गिऱ्हाइके आटली आणि १९२२ मध्ये दुकान बुडाले. नादारी जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग समोर असताना ट्रूमन यांनी तो पत्करला नाही. त्या दुकानाचे देणे ते पुढे कित्येक वर्षे फेडत राहिले.

राजकारणात त्यांना आणले ते पेंडरगास्ट या स्थानिक पुढाऱ्याने. त्याचा लौकिक फारसा स्वच्छ नव्हता. त्यामुळे १९३४ मध्ये सिनेटवर निवडून आलेल्या ट्रूमन यांच्याकडेही बराच काळ संशयाने पाहिले गेले. दुसऱ्या महायुद्धातील सरकारी कंत्राटांमधील उधळपट्टी उघडकीस आणणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी चोख सांभाळले, तेव्हा कुठे हे मळभ दूर झाले. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही न झालेल्या ट्रूमन यांच्यावर अध्यक्षपदाचा भार आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी यांवर अणुबॉम्ब टाकले गेले. त्या निर्णयाचा वाद इतिहासाने अद्याप मिटवलेला नाही. युद्ध संपले, तोच महागाई आणि संप यांनी डोके वर काढले. १९४६ मध्ये काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे गेली.

१९४८ उजाडले तेव्हा ट्रूमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षातून डावा आणि दाक्षिणात्य असे दोन्ही गट फुटून निघाले होते. बहुसंख्य वर्तमानपत्रे ड्यूई यांच्या बाजूची. एका साप्ताहिकाने पन्नास नामांकित राजकीय वार्ताहरांना भाकीत विचारले, तर पन्नासही जणांनी ड्यूई यांचेच नाव घेतले. एकमत झाले म्हणजे सत्य सापडले, असे विद्वानांना नेहमीच वाटते. रोपर या जनमत चाचणीकाराने तर निकाल ठरल्यासारखाच आहे असे मानून सप्टेंबरातच चाचण्या आवरत्या घेतल्या. १९३६ मध्ये वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करूनही ‘लिटररी डायजेस्ट’ तोंडघशी पडले होते आणि त्यावरच गॅलप यांची कीर्ती उभी राहिली होती. त्याच गॅलप यांनी आता ड्यूई यांना पाच टक्क्यांची आघाडी दिली.

इकडे ट्रूमन आगगाडीने सुमारे पन्नास हजार किलोमीटर हिंडत गावोगावच्या स्थानकांवर भाषणे करीत होते. त्या शरद ऋतूत पीक भरघोस आले, धान्याचे भाव घसरले आणि सरकारी साठवणुकीची सोय अपुरी पडली. काँग्रेसने त्या सोयीलाच कात्री लावली होती, हे ट्रूमन शेतकऱ्यांना सांगत सुटले. आयोवा आणि ओहायो ही राज्ये त्यांच्याकडे वळली. हे वळण घडत होते तेव्हा चाचणीकारांच्या वह्या मिटलेल्या होत्या.

मथळ्याची चूक घडली तिचीही एक कथा आहे. शिकागोतील खिळेजुळाऱ्यांचा संप नोव्हेंबर १९४७ पासून चालू होता. मजकूर टंकलिखित करून, त्याची छायाचित्रे घेऊन पाने तयार करावी लागत. म्हणून पहिले पान नेहमीपेक्षा काही तास आधीच पक्के करावे लागे. मतमोजणीला आरंभ झाला न झाला तोच ‘ट्रिब्यून’ने आपल्या अनुभवी वॉशिंग्टन प्रतिनिधीच्या अंदाजावर भिस्त ठेवली. गंमत अशी की, हा संप टॅफ्ट-हार्टले कायद्याविरुद्ध होता, आणि १९४७ मध्ये त्याच कायद्यावर ट्रूमन यांनी वापरलेला नकाराधिकार काँग्रेसने झुगारून दिला होता. त्या पराभवाची अशी सव्याज परतफेड होईल, हे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते.

स्वतः ट्रूमन त्या रात्री एका गावच्या हॉटेलात दूध आणि सँडविच घेऊन लवकर झोपी गेले. मध्यरात्री जाग आली तेव्हा, ते आघाडीवर असले तरी अखेर हरणारच, असे रेडिओवरील समालोचक सांगत होता. ते पुन्हा झोपले. निकालात त्यांना ४९.६ टक्के आणि ड्यूई यांना ४५.१ टक्के मते मिळाली होती.

भाकिते पुढेही चुकतच राहिली. कोरियाचे युद्ध चालू असताना १९५२ मध्ये ट्रूमन यांची लोकप्रियता २२ टक्क्यांवर आली आणि त्यांचे नाव पुसले जाणार असे मानले गेले. २६ डिसेंबर १९७२ रोजी ते निवर्तले, त्यानंतर इतिहासकारांनी त्यांना चांगल्या अध्यक्षांत स्थान दिले. चाचणीकारांनी मात्र चौकशीला तोंड दिले आणि नमुना निवडण्याच्या पद्धती सुधारल्या. शेवटची रक्कम मांडली जाण्यापूर्वी खाते बंद करू नये, हे बुडालेल्या दुकानाच्या मालकाला ठाऊक होते. ते पन्नास वार्ताहरांना आणि एका मातब्बर दैनिकाला एका रात्रीत शिकावे लागले.